ओळखा पाहू, सारखं काय?

आमच्या गिरणीत तिसऱ्या पाळीला पहाटे तीनच्या आसपास चहा येतो. माग खात्यात आवाजामुळे बोललेलं ऐकू येत नाही, सगळं हातवाऱ्यांवर चालतं. त्यामुळे चहाच्या पंधरा मिनिटांत सगळ्यांची तोंडं एकदम सुटतात. एक नवा पोरगा लागलाय, कॉलेज अर्धवट सोडून आलेला. मोबाईलवर परदेशी सिनेमे, मालिका सतत बघतो. त्यानं परवा एक खेळ काढला. तो चार नावं घेणार, आणि आम्ही ओळखायचं, या चौघांत सारखं काय?

नावं अशी. हॅरी पॉटर. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला ॲरागॉर्न. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला जॉन स्नो. आणि बाहुबली, म्हणजे धबधब्याखालच्या वस्तीत वाढलेला शिवुडू.

एक म्हणाला, चौघंही तलवार चालवतात. दुसरा म्हणाला, चौघांचेही बाप मेलेत. तिसरा म्हणाला, चौघांनाही आधी कोणी विचारत नाही आणि शेवटी सगळे मुजरा करतात. पोरगा म्हणाला, जवळ आलाय, पण अजून नीट सांगा.

आमच्यात एक आप्पा आहेत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. त्यांनी या चारांपैकी फक्त बाहुबली बघितलेला. ते पोराला म्हणाले, "मला हे तिघं कोण ते सांग बघू." पोरानं दोन-दोन वाक्यांत सांगितलं. हॅरी मावशीच्या घरात जिन्याखालच्या फडताळात झोपतो. पण तो जन्मायच्या आधीच त्याच्या नावानं भविष्य झालंय, आणि आईबापानं त्याच्यासाठी बँकेत सोन्याचा ढीग ठेवलाय. ॲरागॉर्न चिखलाचे बूट घालून रानोमाळ फिरतो, खाणावळवाला त्याच्याकडे संशयानं बघतो. पण तो जुन्या राजाचा वारस आहे. जॉन स्नोला सगळे अनौरस म्हणून हिणवतात. मालिकेत पुढं कळतं, तो गादीचा खरा हक्कदार.

आप्पांनी तंबाखू मळता मळता ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे समदी मालकाचीच पोरं की रं. थोडं दीस चाळीत ठेवल्याली."

भोंगा झाला. आम्ही मागावर गेलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी गेली चार-पाच वर्षं या अद्भुत कथा वाचतोय, त्यांच्यावर पोटतिडकीनं भांडतोय. एवढं सरळ मला कधी दिसलं नव्हतं. हा लेख म्हणजे त्या वाक्याचा पाठलाग आहे.

*

मित्रहो, आपल्यातले बरेच कार्यकर्ते या कथांना पोराटोरांचं खूळ म्हणून बाजूला सारतात. आपलं साहित्य जगलेल्याचं, सोसलेल्याचं, त्यात ड्रॅगन कुठं बसवायचे, असं म्हणतात. बरोबर आहे. पण वस्तीतली पोरं रात्री अंगावर चादर घेऊन मोबाईलवर काय बघतात, हेही बघितलं पाहिजे. त्यांच्या मनात नायक कसा असतो ते तिथं ठरतं, आपल्या अभ्यासवर्गात नाही.

आणि मला तर ही जात मुळातच तपासण्यासारखी वाटते. कारण वास्तववादी लेखक सबब सांगू शकतो. तो म्हणेल, समाजच असा आहे, मी काय करू? अद्भुत कथा लिहिणाऱ्याला ही सबब नाही. त्याला सगळं बदलता येतं. तो मेलेल्याला उठवतो, झाडाला बोलायला लावतो, आकाशात दोन चंद्र टांगतो. मग राजा मात्र राजाच्याच पोटी का जन्मतो? एवढं सगळं बदललं, तेवढंच एक का बदलत नाही? माणूस जिथं पूर्ण मोकळा असतो तिथंही ज्याला हात लावत नाही, ती त्याची खरी श्रद्धा. अद्भुत कथेची समीक्षा इथनं सुरू झाली पाहिजे. ड्रॅगन किती डोक्यांचा हे नंतर बघू.

*

हा ओळखण्याचा खेळ आपल्याकडं नवा नाही. विक्रम आणि वेताळ हा तोच खेळ आहे. राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतो, वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न घालतो, उत्तर येत असून दिलं नाहीस तर डोकं फुटेल म्हणतो. अकराव्या शतकात काश्मिरातल्या सोमदेवानं 'कथासरित्सागरा'त या गोष्टी घेतल्या. त्यातली एक गोष्ट आम्ही माग चालवणाऱ्यांनी पाठच करून ठेवावी अशी आहे.

अनंगरती नावाची राजकन्या. तिचं म्हणणं, ज्याच्या अंगात एखादी विद्या पुरेपूर आहे अशाच देखण्या पुरुषाशी लग्न करीन. चौघे येतात. पहिला शूद्र विणकर. तो रोज वस्त्रांच्या पाच जोड्या विणतो. एक देवाला वाहतो, एक ब्राह्मणाला देतो, एक स्वतः नेसतो, एक होणाऱ्या बायकोसाठी, आणि पाचवी विकून पोट भरतो. दुसरा वैश्य, त्याला पशुपक्ष्यांची बोली कळते. तिसरा क्षत्रिय, तलवारीत तरबेज. चौथा ब्राह्मण, तो मेलेल्याला जिवंत करतो. वेताळ विचारतो, मुलगी कोणाला द्यावी?

आता तुम्ही सांगा. जो मेलेलं माणूस उठवतो त्याला, नाही का? किंवा जो एकटा पाच जोड्या विणून देव, ब्राह्मण, बायको सगळ्यांना पोसतो त्याला? राजाचं उत्तर वेगळं आहे. विणकर शूद्र, त्याला क्षत्रियाची मुलगी कशी द्यायची? वैश्याचंही तेच. ब्राह्मण असून जादूटोण्याच्या नादी लागला म्हणून तो आपल्या धर्मातून ढळलेला. म्हणून तलवारवाला क्षत्रिय. खेळ विद्येचा होता, निकाल जातीचा लागला. आणि वेताळाला हे उत्तर बरोबर वाटतं. तो भूत आहे, झाडाला उलटा लटकतो, पण हिशेब मनुस्मृतीचाच करतो.

ही गोष्ट वाचली त्या दिवशी मला आमचं खातं दिसलं. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसांना माग खात्यात पाऊल टाकता येत नव्हतं. धोट्यातनं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि आपलं तोंड लागलेलं सूत सवर्ण कामगारांना चालत नसे. पगार जास्त तो याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. म्हणजे वेताळाच्या गोष्टीतल्या शूद्र विणकराला निदान मागावर बसायला मिळत होतं. आपल्याला त्याच्या शेजारीही बसू देत नव्हते. आज मी सहा माग चालवतो ते फुकटात मिळालेलं नाही.

*

आता दुसरा डाव खेळू. नायक बाजूला ठेवा. नायकाच्या मागं उभी असलेली माणसं घ्या.

पहिलं नाव कटप्पा. जुलै २०१५ मध्ये 'बाहुबली'चा पहिला भाग आला, एप्रिल २०१७ मध्ये दुसरा. मधली पावणेदोन वर्षं सगळा देश एकच कोडं सोडवत होता, कटप्पानं बाहुबलीला का मारलं? टपरीवर, लग्नात, लोकलमध्ये तेच. आमच्या खात्यात पैजा लागल्या होत्या. दुसऱ्या भागात उत्तर आलं. राजमाता शिवगामीनं हुकूम दिला, तू मारत नसशील तर मी मारीन म्हणाली, आणि कटप्पानं मारलं. का? कारण तो गुलाम होता. त्याच्या पूर्वजांनी गादीला शब्द दिलेला, त्या शब्दात त्याचा जन्म बांधलेला.

एवढं मोठं उत्तर समोर आलं आणि कोणी थांबलं नाही. देशभर ज्या प्रश्नाचा गजर झाला त्याचं उत्तर 'जन्मजात गुलामी' हे होतं. लोक म्हणाले, अच्छा, असं होय, आणि पॉपकॉर्न संपवून घरी गेले. पहिल्या भागात एक परदेशी हत्यारांचा व्यापारी कटप्पाला पैसे मोजून सोडवायची तयारी दाखवतो. कटप्पा नाही म्हणतो. सिनेमा त्याला निष्ठा म्हणतो. पुढं शिवुडूचा चेहरा दिसताच हा म्हातारा योद्धा गुडघ्यावर येतो आणि त्याचा पाय उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवतो. थिएटरात शिट्ट्या पडल्या. मीही मारली. खोटं कशाला सांगू? त्या पोराला वाढवणारी वस्तीतली बाई सांगा, तिच्या पायाला मात्र कोणी हात लावला नाही. तिनं सांभाळलेलं पोर रक्तानं राजाचं निघालं आणि तिची गोष्ट तिथंच संपली.

दुसरं नाव डॉबी. हॅरी पॉटरच्या दुसऱ्या पुस्तकात, १९९८ मध्ये, हा घरगडी बुटका येतो. त्याची जातच घरगड्यांची. उशीचा मळका अभ्रा अंगावर. मालकाच्या हातून कपडा मिळाला तरच तो सुटतो. हॅरी युक्ती करतो, मालक नकळत एक मोजा फेकतो, डॉबी तो झेलतो आणि मुक्त होतो. कापड विणून पोट भरणाऱ्या माणसाला ही गोष्ट आरपार जाते. मी रोज शेकडो मीटर कापड काढतो. कापडानं माणूस सुटतो ही कल्पना मला फार आवडली. पण कापड मालकाच्याच हातनं आलं पाहिजे, ही अट बघा. डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं, लुगडं नेसायची जुनी रीत टाका, जातीची खूण सांगणारे दागिने टाका. आपल्या बायांनी पेहराव बदलला तो स्वतःच्या हातानं. कोणी मोजा फेकायची वाट बघितली नाही.

चौथ्या पुस्तकात, २००० मध्ये, लेखिका जे. के. रोलिंग हा प्रश्न स्वतःच पुढं आणते. हर्मायनी या घरगड्यांच्या हक्कांसाठी संघटना काढते, बिल्ले विकते. सगळे तिला हसतात. विंकी नावाची गडीण मुक्त केली जाते तर ती दुःखानं दारूला लागते. आणि डॉबी? शाळेचा मुख्य त्याला आठवड्याला दहा सोन्याची नाणी आणि शनिवार-रविवार सुट्टी देऊ करतो. हा गडी घासाघीस करून मजुरी खाली आणतो, आठवड्याला एक नाणं आणि महिन्याला एक सुट्टी. जगात कोणत्या कामगारानं अशी घासाघीस केली असेल? लेखकाला मालकाच्या बाजूनं कामगार हवा असला की तो असा लिहिला जातो. सिनेमात तर हर्मायनीची संघटनाच कापली. आणि २००७ च्या शेवटच्या पुस्तकात सगळी लढाई जिंकल्यावर हॅरीच्या मनात काय येतं? आपला घरगडी क्रीचर वर काहीतरी खायला आणून देईल का.

मी रोलिंगवर अन्याय करत नाही. तिची मोठी लढाई रक्तशुद्धीवाल्यांशी आहे. ज्याचे आईबाप जादूगार नाहीत त्याला शिवी देणारे लोक तिनं खलनायक केले. वर्गात सगळ्यात हुशार हर्मायनी, ती दंतवैद्यांची पोरगी. पाचव्या पुस्तकात सोन्याच्या कारंज्यात घरगडी जादूगाराकडं भक्तीनं बघतोय असा पुतळा आहे, आणि शाळेचा मुख्यच म्हणतो की ते कारंजं खोटं बोलत होतं. म्हणजे तिला कळतं. पण स्वयंपाकघरात शंभरावर घरगडी राबतात ते तसेच राबत राहतात. आणि झाडूपोछा करणारा फिल्च, जादूगाराच्या घरात जन्मून जादू न आलेला, तो शेवटपर्यंत टिंगलीचाच धनी. शुद्ध-अशुद्ध रक्ताचं भांडण वरच्या मजल्यावर चालू आहे. तळमजल्यावर भांडी तीच माणसं घासतात. आपल्याला हे अनोळखी नाही.

*

तिसरं नाव सॅम. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला माळी. हे पुस्तक १९५४–५५ मध्ये आलं. माझ्या मते गोष्टीचं अर्धं ओझं सॅमच वाहतो. मालक फ्रोडो दमला की सॅम त्याला पाठीवर घेऊन ज्वालामुखी चढतो. बोलताना मात्र 'मिस्टर फ्रोडो' सुटत नाही.

टॉल्किन १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत लँकेशायर फ्युझिलियर्स या पलटणीत अधिकारी होता. लँकेशायर म्हणजे कापड गिरण्यांचा मुलूख. त्याच्या पलटणीतले पुष्कळ शिपाई खाणीतले, गिरणीतले, मागावरचे. म्हणजे सॅमच्या मुळाशी आपल्याच धंद्यातली माणसं असतील. टॉल्किनला त्यांच्याबद्दल खरा आदर होता, पुस्तकात तो दिसतो. शेवटी सॅम सात वेळा गावाचा नगराध्यक्ष होतो. चारही नायकांपेक्षा मला हा मोठा वाटतो, कारण तो लोकांनी निवडला. पण पुस्तकाच्या एका भागाचं नावच 'राजाचं परतणं'. सॅमचं निवडून येणं परिशिष्टात.

आणि पलीकडच्या बाजूचे ऑर्क. सैतानाचे सैनिक, कुरूप, सगळेच्या सगळे दुष्ट. १९५८ मधल्या एका पत्रात टॉल्किननं त्यांचं वर्णन चपट्या नाकाचे, पिवळट कातडीचे, मंगोल वळणाचे असं केलंय. गोऱ्या माणसाला घाण वाटणारा चेहरा त्यानं शत्रूला दिला. 'बाहुबली'तल्या कालकेयांचंही तेच. काळेकुट्ट अंग, आणि त्यांच्यासाठी मुद्दाम बनवलेली, ऐकणाऱ्याला हसू किंवा भीती वाटेल अशी भाषा. आदिवासी म्हटला की तो एक तर राजाला वाढवणारा भाबडा, नाहीतर मारायला आणलेला काळा जमाव. तिसरा आदिवासी यांच्या अद्भुत जगात जन्मतच नाही.

गंमत अशी की हाच टॉल्किन रक्ताचा प्रश्न विचारणाऱ्यावर भडकलेला माणूस. १९३८ मध्ये जर्मन प्रकाशकानं त्याला विचारलं, तुम्ही आर्य आहात काय? त्यानं जे उत्तर लिहून काढलं त्यात म्हटलं, आर्य म्हणजे तुमच्या मनात काय आहे ते मला कळत नाही, आणि ज्यूंसारख्या गुणी लोकांत माझा कोणी पूर्वज दिसत नाही याची मला खंत वाटते. नाझींना असं लिहायला छाती लागते. पण तोच माणूस गोष्ट रचायला बसला की उंच, गोरे, जुन्या वंशाचे लोक चांगले, आणि दक्षिणेकडचे, पूर्वेकडचे सावळे लोक सैतानाचे भाडोत्री. विचार एक सांगतो, कल्पना जुन्याच चाकोरीनं जाते. हे आपण कोणावर हसण्यासाठी सांगत नाही. याचं कारण पुढं येईल.

त्याच्याच दुसऱ्या खंडाच्या शेवटी मात्र एक जागा आहे. दोन ऑर्क पहाऱ्यावर बोलत असतात. वरिष्ठांना शिव्या घालतात. लढाई संपली की विश्वासातली चार पोरं घेऊन कुठंतरी निघून जाऊ, लूट जवळ पाहिजे आणि डोक्यावर मोठा साहेब नको, असं म्हणतात. मी ते वाचलं आणि मोठ्यानं हसलो. हे तर आमच्या चहाच्या सुट्टीतलं बोलणं! एवढ्या हजार-बाराशे पानांत मला माझ्या खात्याचा आवाज ऐकू आला तो शत्रूच्या तोंडून.

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या २०१९ मधल्या शेवटच्या भागात सॅमवेल नावाचा पुस्तकी पोरगा सरदारांच्या सभेत विचारतो, राजा सगळ्या लोकांनी का निवडू नये? सगळे सरदार खदाखदा हसतात. एकाला वाटतं, मग कुत्र्यांनाही मत द्यावं लागेल. आठ वर्षं चाललेल्या मालिकेत सगळ्यात अद्भुत, सगळ्यात अशक्य गोष्ट म्हणून काय दाखवलं? ड्रॅगन नव्हे, प्रौढ मतदान! जे बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढं मागितलं आणि जे आपण सहज बोटाला शाई लावून करतो, ते या लोकांच्या कल्पनेला झेपत नाही.

*

आता माझी स्वतःची चूक सांगतो. नाहीतर हा लेख म्हणजे नुसती दुसऱ्यांची उणीदुणी होईल.

दोन वर्षांपूर्वी मी एक दीर्घकविता लिहिली. हायवेखालच्या वस्तीतला एक पोरगा. त्याला उंदीर, डुकरं, गटार यांची भाषा कळते. पावसाळ्यात वस्ती बुडते तेव्हा तो गटाराला हुकूम देतो आणि पाणी शहराच्या वरच्या भागाकडं वळतं. लिहिताना मी थरथरत होतो. शेवट असा केला की पाणी ओसरल्यावर त्याच्या झोपडीखाली ताम्रपट सापडतो. त्यावर त्याच्या कुळाचं नाव. तो जुन्या राजांचा वंशज निघतो.

आमच्या समाजमंदिरात वाचली. टाळ्या पडल्या, दोघातिघांनी मिठी मारली. मागं बारावीतली एक पोरगी बसली होती. ती उठून म्हणाली, "दादा, ताम्रपट सापडला नसता तर?"

मला उत्तर आलं नाही. मी म्हणालो, अगं तो आपला इतिहास आहे. ती म्हणाली, "इतिहास आहे ते कळलं. पण त्यानं पाणी वळवलं ते ताम्रपटाआधी वळवलं ना?" आणि बसली.

मित्रहो, हा प्रश्न तिनं एकट्या मला विचारलेला नाही. आपल्या गाण्यांत, भाषणांत, पोस्टरांवर आपण पुष्कळदा सांगतो, आम्ही मूळचे राज्यकर्ते, आमचे पूर्वज योद्धे. इतिहास शोधलाच पाहिजे. ज्यांचा इतिहास पुसला त्यांनी तो खणून काढायचा नाही तर कोणी? त्याला माझा विरोध नाही. पण इतिहास शोधणं वेगळं आणि माणुसकीचा दाखला म्हणून वंशावळ दाखवणं वेगळं. आमचे पूर्वज राजे होते म्हणून आम्हाला माणूस म्हणा, असं म्हटलं की ज्यांचे पूर्वज राजे नव्हते त्यांनी काय करायचं? आप्पांचा बाप मेलेली ढोरं ओढायचा. त्याला ताम्रपट नाही. मी माझ्या नायकाला मालकाचं पोर करून चाळीत ठेवलं होतं. वेताळाचं उत्तर मीच दिलं होतं, फक्त क्षत्रियाच्या जागी आपलं नाव घालून.

बाबासाहेबांचं 'हिंदू धर्मातील कोडी' महाराष्ट्र सरकारनं १९८७ मध्ये छापलं आणि त्यावरून किती गदारोळ झाला ते जुने कार्यकर्ते सांगतात. त्यांनी देवादिकांच्या गोष्टी घेऊन कोडी घातली. लोक आपापलं उत्तर घेऊन बसले होते, त्यांनी प्रश्नच पलटवला. आपण तेच शिकायचं. वेताळ विचारतो मुलगी कोणाला द्यावी. आपण विचारायचं, मुलीला कोण विचारणार?

*

मग दुसऱ्या तऱ्हेनं लिहिता येतं का? येतं. लिहिलेलंही आहे.

अमेरिकेतल्या उर्सुला ले ग्विननं १९६८ मध्ये 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' लिहिलं. नायक गेड तांबूस-काळ्या कातडीचा, तांबट-लोहाराच्या घरचा, शेळ्या राखणारा. चाल करून येणारे लुटारू गोरे. आणि त्याची मुख्य लढाई आपल्याच सावलीशी, तिला तो आपलंच नाव देतो तेव्हा ती संपते. जादू त्याच्या अंगातच असते हे खरं, पण गादीचा वारसा नाही. २००४ मध्ये टीव्हीवाल्यांनी यावर मालिका काढली आणि गेड गोरा करून टाकला. ले ग्विननं जाहीर लेख लिहून निषेध केला. कागदावरचा काळा नायकही त्यांना पडद्यावर सोसला नाही.

पण मला खरा धक्का दिला तो एन. के. जेमिसिननं. ही अमेरिकेतली काळी लेखिका. तिचं 'द फिफ्थ सीझन' २०१५ मध्ये आलं. त्या मालिकेच्या तिन्ही पुस्तकांना २०१६, २०१७, २०१८ असा ओळीनं ह्यूगो पुरस्कार मिळाला. मी ते मोबाईलवर शब्दकोश उघडून वाचलं, पाच महिने लागले.

त्या जगात जमीन सारखी हादरते. काही माणसांच्या अंगात ते हादरे शांत करायची ताकद असते. त्यांच्यामुळं शहरं उभी आहेत. पण लोक त्यांना शिवीनं हाक मारतात, पोर तसं निघालं तर जमाव मारून टाकतो. उरलेल्यांना सरकार धरून नेतं, शिकवतं, वापरतं. बाकीच्या लोकांच्या नावातच त्यांची कामावरून पडलेली जात असते. एका ठाण्यावर तर असं एक पोर खुर्चीला जखडून ठेवलंय, मन मारून टाकलंय, देह जिवंत ठेवलाय, कारण देहाकडून हादरे थांबवायचं काम होतं. ते पान वाचून मी पाळीला गेलो आणि मागाकडं बघवेना.

आता त्यातला ओळखण्याचा खेळ. पुस्तकात तीन बाया आहेत. डमाया नावाची लहान पोरगी, आईबापानं गोठ्यात कोंडलेली. सायनाइट नावाची तरुणी, हुकमाची ताबेदार. एस्सुन नावाची मध्यमवयीन बाई, जिच्या नवऱ्यानं आपल्याच लहान पोराला मारलंय. तिघींत सारखं काय? तुम्हाला पुस्तक वाचायचं असेल तर हे वाक्य सोडा. तिघी एकच आहेत. एकच बाई, तीनदा नाव बदलून जगलेली.

हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. इथं शेवटी गुपित फुटतं तेव्हा कोणी राणी निघत नाही. तिच्या पाठीमागं सापडतं ते तिचंच सोसलेलं, आणि सोसून शिकलेलं काम. आपल्यात किती जणांनी गाव सोडताना, शाळेत घालताना, भाड्यानं खोली घेताना आडनाव बदललं? तीन नावांचं एक माणूस ही आपल्याला अद्भुत गोष्ट वाटत नाही. आपल्या रेशनकार्डावर ती लिहिलेली असते. वास्तव आणि अद्भुत यांच्यात मी इतके दिवस भिंत घालत होतो, ती या बाईनं पाडली.

*

पुढच्या बैठकीत हा खेळ खेळावा असं मला वाटतं. नावं देतो. वेताळाच्या गोष्टीतला विणकर. कटप्पा. सांगा. डॉबी. माळी सॅम. पहाऱ्यावरचे दोन ऑर्क. खुर्चीला बांधलेलं ते पोर. यांच्यात सारखं काय? 'सगळे गरीब' एवढं उत्तर चालणार नाही, ते आप्पाही देतील आणि पुढं तंबाखू मळतील. यांच्यातल्या एकाला नायक करून गोष्ट लिहा, आणि शेवटी तो कोणाचाही वारस निघू देऊ नका. बघा किती अवघड जातं ते.

माझी दीर्घकविता मी पुन्हा घेतली आहे. ताम्रपट खोडला. पोरगा पाणी वळवतो, पाणी ओसरतं, तो झोपडीतला गाळ उपसायला लागतो. तिथपर्यंत आलोय. पुढं काय होतं ते अजून सापडलेलं नाही. त्या बारावीतल्या पोरीला वाचून दाखवायची आहे, म्हणून घाई करत नाही.